हात लागेपर्यंत

जखमा रंगवायचं काम सकाळीच सुरू झालं होतं. विमा कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर रंगारीकाकांनी आपली पत्र्याची पेटी उघडली होती आणि स्टुलावर बसलेल्या एका टकल्या कारकुनाच्या कपाळावर ते मोठ्या मायेनं खोक पाडत होते. कारकून खुशीत होता.

"काका, जरा खोल पाडा. आमच्या हिला फोटो दाखवायचाय."

"हसू नका हो. हसलात की रक्त कानात जातं."

काकांनी आयुष्यभर नाटकांतले राजे आणि राक्षस रंगवले होते. नाटकं कमी झाली तेव्हा भोंगाबाईनं त्यांना आपल्याकडे ओढलं. आता ते भाजणं, कापणं आणि हाड मोडणं रंगवत, आणि राक्षसांपेक्षा हे काम बरं, तक्रार करायला कुणी परत येत नाही, असं म्हणत.

भोंगाबाई दाराशी उभी राहून सगळ्यांवर नजर ठेवून होती. तिचं खरं नाव फक्त सहीपुरतं उरलं होतं. संकटं रचणं हा तिचा व्यवसाय. दवाखाने, कारखाने, कचेऱ्या, जिथे म्हणून माणसं गोळा होतात तिथे जाऊन ती खोटी आग लावी, खोटी भिंत पाडी आणि माणसं काय करतात ते बघत राही. इतकी वर्षं बघून तिचं माणसांविषयीचं मत काही फारसं सुधारलं नव्हतं. भोंगा वाजला की माणूस आधी कपातला चहा संपवतो, मग पिशवी शोधतो, मग साहेबाच्या तोंडाकडे बघतो. जीव वाचवायचं त्याला त्यानंतर आठवतं. साहेब खिडकीत उभा राहून हसत असला तर तेही आठवत नाही.

तिचे नियम मात्र कडक होते. सराव चालू असताना वॉकीटॉकीवर कुणीही काहीही बोलायचं झालं तरी सुरुवात 'सराव, सराव' अशीच करायची, म्हणजे ऐकणारा खऱ्या आगीच्या भीतीनं धावत सुटत नाही. आणि ज्याला जखमी म्हणून नेमलंय त्यानं नेमल्या जागी पडून राहायचं. सोडवणारा येऊन खांद्यावर हात ठेवून 'सापडलात' म्हणेपर्यंत उठायचं नाही. भूक लागो, मुंग्या चावोत, हात लागेपर्यंत उठायचं नाही.

"तुझ्या या नियमानं एकदा कुणीतरी म्हातारं होईल पडल्या पडल्या," तिची धाकटी बहीण म्हणायची. धाकटी याच इमारतीत वरच्या मजल्यावर दावे विभागात होती. लोकांची घरं, दुकानं, गोदामं जळायची आणि त्यांतलं किती जळालं नसावं हे शोधून काढणं हे धाकटीच्या विभागाचं काम. दुसऱ्यांच्या आगीचा इतका बारीक हिशेब ठेवणाऱ्या कंपनीला स्वतःच्या मागच्या दाराचा हिशेब मात्र ठेवता येत नव्हता, आणि भोंगाबाई सकाळपासून धुमसत होती ती त्यावरूनच.

इमारतीला जिने दोन. पुढचा रुंद, कुंड्यांनी सजवलेला. मागचा अरुंद, संकटाच्या वेळेसाठी. मागच्या जिन्याची दारं अशी होती, की मजल्यावरून ढकललं की उघडत आणि माणूस आत गेला की आपोआप मिटत. जिन्याच्या बाजूनं त्यांना मूठच नव्हती. म्हणजे एकदा आत शिरलं की सुटकेचा रस्ता एकच, तळाचं लोखंडी दार. आणि त्या दाराला बाहेरून, मागच्या अंगणाच्या बाजूनं, भलंथोरलं कुलूप. आत पहिल्या वळणावर जुन्या कॅलेंडरांची खोकी रचलेली.

"साहेब, आजच्या दिवशी हे कुलूप नसेल असं तुम्ही मला फोनवर सांगितलं होतं," ती व्यवस्थापकांना म्हणाली.

"अहो, लोक त्या दारानं पळून जातात. हजेरीचं यंत्र पुढे आहे ना. कुलूप कामचुकारांसाठी आहे."

"आणि आग लागली तर?"

"लागली तर उघडू."

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. कायम." त्यांनी कोटाचा खिसा थोपटला.

"तुम्ही रजेवर असलात तर?"

साहेब हसले. "मी नसताना इथे साधी टाचणी हलत नाही, बाई. आग कशी लागेल?"

तिनं पुढच्या जिन्यात धूर सोडायचा ठरवलं होतं, म्हणजे लोकांना मागे वळावंच लागलं असतं आणि कुलपाचा निकाल तिथल्या तिथे लागला असता. साहेबांनी ते रद्द केलं. पुढच्या जिन्यात फोटो काढणारा उभा राहणार होता. धुरात चेहरे नीट येत नाहीत.

सरावाची वेळ साहेबांनी आधीच सगळ्यांना कळवून टाकली होती. भोंगा वाजायच्या आतच अर्धी कचेरी स्वेटर, शाली घालून तयार बसली होती. थंडीचे दिवस, अंगणात उभं राहायचं होतं. भोंगा वाजला. माणसं गप्पा मारत, केस नीट करत, कठड्याला धरून उतरली. टकला कारकून पहिल्या मजल्यावर ठरल्याप्रमाणे आडवा पडला आणि त्याला उचलणाऱ्यांना म्हणाला, "सावकाश रे, वजन आहे." फोटो निघाला. पुन्हा निघाला, कारण पहिल्यात साहेबांचे डोळे मिटले होते.

भोंगाबाई अंगणात वॉकीटॉकी कानाशी धरून उभी होती. मजल्यांवर नेमलेली तिची माणसं एकेक मजला मोकळा झाल्याचं सांगत होती. मध्येच खरखर झाली आणि एक बाईचा आवाज आला. तोंडावर कापड धरल्यासारखा.

"सराव, सराव. मागच्या जिन्यात आहे. दार उघडत नाही."

भोंगाबाईला रागातही हसू आलं. ही धाकटीच. मागच्या जिन्यात कुणाला नेमलंच नव्हतं, पण सकाळचं भांडण तिच्या कानावर गेलं असणार आणि तिनं कुणाची तरी वॉकीटॉकी पळवून बहिणीची बाजू लावून धरली असणार.

"सराव, सराव. कोण बोलतंय?" तिनं नियमानं विचारलं.

"सराव, सराव. धूर खालून वर येतोय. वरची दारं उघडत नाहीत."

"ताई," मागून कुणीतरी तिच्या पाठीत बोट खुपसलं. "अजून किती वेळ? पाय गारठले."

धाकटी. हात स्वतःच्या काखेत. वॉकीटॉकी नाही, काही नाही.

भोंगाबाईनं तिच्याकडे पाहिलं, हातातल्या यंत्राकडे पाहिलं. तेवढ्यात कर्ण्यावरून साहेबांचा आवाज घुमला. "सराव संपला! अभिनंदन! सर्वांनी चहा घ्यावा!"

"थांबा!" ती ओरडली. "एक माणूस राहिलाय!"

साहेब शांतपणे जवळ आले. "मोजणी जुळली आहे बाई. पाहुणेसुद्धा धरून. कुणीही राहिलेलं नाही."

"मागच्या जिन्यात कुणीतरी आहे."

"तिथे कुणी असूच शकत नाही. कुलूप आहे ना."

यावर ती जे बोलली ते इतक्या जोरात, की चहाकडे निघालेली माणसं जागच्या जागी थांबली. साहेबांनी हताश चेहऱ्यानं खिशातून किल्ली काढून पहारेकऱ्याकडे टाकली.

दार कुरकुरत उघडलं. आत अंधार, कोंदट वास, खोक्यांवर जाड धूळ. पायऱ्यांवरही धूळ, आणि तिच्यात उमटलेलं एकही पाऊल नव्हतं. भोंगाबाई खोक्यांना वळसा घालून वरपर्यंत चढून आली. कुणी नव्हतं. बाहेर पडताना आधारासाठी तिनं दाराच्या आतल्या पत्र्यावर हात टेकला आणि झटकन मागे घेतला. तव्याचा लागावा तसा चटका बसला होता.

"याला हात लावून बघा," ती म्हणाली.

"ऊन लागतं," साहेब हात न लावताच म्हणाले.

त्या बाजूला ऊन कधीच येत नव्हतं. भिंतीला खालपासून वरपर्यंत शेवाळ होतं. पण साहेबांनी फोटोवाल्याला बोलावून घेतलं होतं. दार उघडं होतंच, तर एक फोटो उघड्या दाराचाही होऊन जाऊ दे.

कॅन्टीनमध्ये रंगारीकाका पेटी आवरत होते. एकेक डबी दाणकन मिटत होती. काकांचं बिनसलं की आधी डब्यांना कळे.

"माझं काम पटत नव्हतं तर तोंडावर सांगायचं," ते भोंगाबाईकडे न बघता म्हणाले. "दुसरा माणूस आणायचा होता तर मला बोलवायचं कशाला?"

"कुठला दुसरा माणूस?"

"ती बाई रंगवली ती कुणी मग? भोंगा वाजायच्या जरा आधी रांगेत येऊन बसली. मी कुंचला उचलला, तर म्हणते, माझं झालंय. बघतो तर काय!" काकांच्या आवाजातल्या रागाखाली आता दुसरंच काही होतं. "सगळा दंड भाजलेला. लोकर वितळून कातडीत गेलेली, कुठे लोकर संपते आणि कुठे कातडं सुरू होतं ते कळू नये. मला नाही जमणार तसं. वाससुद्धा आणला होता हो त्यानं. मी म्हटलं, कुणी केलं हे? तर म्हणाली, इथेच झालं."

"चेहरा कसा होता?"

"तोंडाशी ओढणी धरली होती. स्वेटर तेवढा बघितला. गडद हिरवा. खिशावर या कंपनीचं चिन्ह."

भोंगाबाईला हायसं वाटलं. सकाळपासून तिनं सगळी कचेरी डोळ्यांखालून घातली होती. हिरवा स्वेटर तिथे एकाच्याही अंगावर नव्हता. धाकटीचा करडा, कोपरावर विरलेला. मग ही बाई इथली नव्हेच. कुणीतरी बाहेरची, कुणाचा तरी चावटपणा. सावकाश शोध घेता येईल. आधी कुलूप.

साहेबांच्या खोलीत प्रमाणपत्र तयार होतं. फक्त सही हवी होती.

"मागचं दार बिजागऱ्यांसकट काढून टाका. मग सही," ती म्हणाली.

"हे पाहा, तुम्ही चिडला आहात."

"हो, चिडलेय! वर एवढी माणसं बसतात. पुढचा जिना पेटला तर ती सगळी मागे धावणार, दारं त्यांच्या पाठीमागे मिटणार, आणि तुम्ही त्यांना खाली कोंडून मारणार. हे सगळं तुम्हाला समजतं. न समजणाऱ्या माणसावर मी चिडत नाही."

"सही करणारे दुसरेही पुष्कळ आहेत," साहेब गोड आवाजात म्हणाले. "आणि तुमची बहीण आमच्याकडे आहे, नाही का? हुशार मुलगी आहे. अजून कायम झालेली नाही."

ती सही न करताच बाहेर आली. धाकटी व्हरांड्यातच उभी होती. दाराआडून तिनं सगळं ऐकलं होतं.

"ताई, तू संध्याकाळी घरी जाशील. उद्या दुसरीकडे जाऊन भोंगा वाजवशील. मला इथेच बसायचंय."

"तेच तर! तुलाच बसायचंय इथे!"

"इतकी वर्षं काही झालं नाही ना?"

"हे मला प्रत्येक इमारतीत सांगतात गं. शब्द न बदलता सांगतात."

"बरं, ओरडू नकोस. सगळे बघतायत." धाकटीनं तिचा दंड धरून तिला अंगणाकडे वळवलं. "चल, चहा घे. साहेबांनी बक्षीस वाटलंय आज, सराव छान झाला म्हणून. तू कॅन्टीनमध्ये होतीस तेव्हाच घेऊन आले मी." तिनं काखेतली पिशवी उघडली, आतली वस्तू झटकून अंगात चढवली आणि थंडीनं आखडलेले खांदे मोकळे केले. "आधीचा अगदीच गेला होता. कसा दिसतो?"

गडद हिरवा. खिशावर कंपनीचं चिन्ह.

भोंगाबाईनं समोर पाहिलं. अंगणात माणसं चहाचे कप सांभाळत पिशव्या फोडत होती. एक हिरवी बाही वर येत होती, मग दुसरी. टकला कारकून कपाळावरची खोक न पुसताच आपल्या स्वेटरची बटणं लावत होता. पहारेकऱ्याला मोठा आला होता. साहेब पायऱ्या उतरून आले, तेही कोट हातावर टाकून हिरवा स्वेटर घालून. शेवटचा फोटो सगळ्यांचा मिळून होता.

"काढ तो," ती म्हणाली.

"काय?"

"स्वेटर काढ आधी!"

ती मागच्या बाजूला धावली. धाकटी मागोमाग, तिच्यामागे साहेब, आणि काहीतरी तमाशा आहे म्हटल्यावर बाकीचेही. लोखंडी दार मिटलेलं होतं. कुलूप पुन्हा जागेवर होतं. फोटो निघाला होता, उघडं ठेवायचं कारण संपलं होतं.

तिच्या झोळीत काहीतरी खरखरलं.

वॉकीटॉकी तिनं स्वतः बंद करून आत टाकली होती. ती तिनं बाहेर काढली. दिवा विझलेलाच होता.

"मागच्या जिन्यात आहे," आवाज म्हणाला. "दार उघडत नाही."

'सराव' हा शब्द त्यात नव्हता.

आता तोंडावर कापडही नव्हतं. आवाज स्वच्छ आला, दमलेला, मध्ये खोकला. टकल्या कारकुनानं मान वळवून धाकटीकडे पाहिलं. मग तिच्या शेजारी बसणाऱ्या बाईनं. मग एकेक करून सगळ्यांनी.

धाकटीच्या कपाळाला आठी पडली होती. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"कोण आहे गं ही?" ती म्हणाली. "ओळखीची वाटत नाही."

भोंगाबाईनं किल्ली मागितली नाही. भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं टांगलं होतं, ते तिनं दोन्ही हातांनी उचललं आणि कुलपावर घातलं. पुन्हा घातलं. साहेब ओरडत होते. कोयंडा वाकला, तुटला.

दार उघडलं.

आत धूळ. खोकी. कुणी नाही.

ती आत शिरली. जिन्यात इतकी धग होती, की डोळ्यांतून पाणी आलं. धूर दिसत नव्हता, तरी खोकला येत होता. अंधारात एकेक पायरी चाचपत ती चढली.

हात लागेपर्यंत उठायचं नाही.

नियम तिचाच होता.

वळणावर ती वाकली. जमिनीपासून वीतभर वर, काहीच नव्हतं तिथे, तिनं हात पुढे केला.

हाताखाली लोकर लागली. ओलसर, ऊन.

"सापडलीस," ती म्हणाली.

धग ओसरली. नुसता थंड, कोंदट जिना उरला.

ती बाहेर आली तेव्हा धाकटी भिंतीला पाठ लावून उभी होती. एक हात दुसऱ्या खांद्यावर होता.

"ताई, माझ्या खांद्यावर कुणी हात ठेवला आत्ता?"

तिच्या मागे भिंतच होती. भोंगाबाईनं तिच्या अंगातला स्वेटर ओढून काढला आणि जमिनीवर टाकला. खांद्यापाशी काजळीचा डाग होता. पाच बोटांचा.

"नुकसानभरपाई घेईन मी तुमच्याकडून!" साहेबांचा आवाज चिरकला होता. "चालत्या व्हायच्या आधी ऐकून जा. असल्या थट्टेनं मी घाबरत नाही. ए, गोदामातलं मोठं कुलूप आण."

पहारेकरी घुटमळला. मग गेला, घेऊन आला. वाकलेला कोयंडा साहेबांनी स्वतः दगडानं ठोकून सरळ केला, कुलूप अडकवलं, दाबलं, किल्ली नव्या स्वेटरच्या खिशात टाकली. भोंगाबाई पुढे झाली, पण तिचा हात धाकटीनं घट्ट धरून ठेवला होता. आणि त्याच वेळी दुसऱ्या हातातलं यंत्र पुन्हा खरखरलं.

या वेळी पुरुषाचा आवाज होता. घोगरा, घाईचा. त्याच्या मागे आणखी कितीतरी माणसं खोकत होती.

"किल्ली माझ्याकडेच आहे," तो म्हणत होता. "माझ्या खिशातच आहे. पण कुलूप बाहेरून आहे. ऐकताय ना? कुलूप बाहेरून आहे."

सगळे साहेबांच्या तोंडाकडे बघत होते. ते मिटलेलं होतं.

"हा कोण आता?" साहेबांनी विचारलं. "कुठल्या विभागातला? माझ्या तर ओळखीचा वाटत नाही."

पहारेकऱ्यानं आपला स्वेटर काढला आणि घडी घालून भिंतीकडेला ठेवला. मग टकल्या कारकुनानं. मग बाकीचे एकेक करून काढत गेले, थंडीत शहारत. हिरव्या घड्यांचा ढीग वाढत गेला.

साहेबांनी सगळ्यांकडे एकदा तुच्छतेनं पाहिलं आणि आपल्या स्वेटरचं वरचं बटण लावलं. मग किल्ली जागेवर आहे ना, हे बघायला त्यांनी खिशात हात घातला. तो चटकन बाहेर काढला आणि बोटांवर फुंकर घातली.